कवाड वाजतं

दुपारी कामिनी स्वयंपाकघरात वांगं भाजत होती. गॅसवर जाळी, जाळीवर भरिताचं मोठं हिरवं वांगं, आणि त्याची साल तडकली की नाही हे ती नेहमीप्रमाणे वासावरून ओळखत होती. कानातलं मशीन फ्रिजवर काढून ठेवलेलं होतं. घरात ती ते घालतच नसे. त्यातून येणारा आवाज म्हणजे पत्र्यावर कुणीतरी वाळू ओतत राहावं तसा. त्यात माणसाचं बोलणं थोडं आणि वाळूच फार. जळगावातल्या मेहरूणच्या या तिसऱ्या मजल्यावर तिने स्वतःपुरती शांतता नीट लावून घेतली होती, आणि त्या शांततेतच एकाएकी तिच्या तळपायांना खालून धक्का बसला. एकच धक्का, बोथट, फरशीतून आलेला. हातातला चिमटा ओट्यावर पडला. सासूबाई पडल्या, एवढंच तिच्या मनात आलं, आणि त्या एका क्षणात पुढचं सगळंही येऊन गेलं: दवाखान्याचा तो लांब बोळ, हिरव्या कपड्यांतली माणसं, तोंडावरची ती फडकी, ज्यांच्यामुळे डॉक्टरांचे ओठच दिसत नाहीत आणि आपल्याला काय सांगताहेत ते कळत नाही. गॅस तसाच ठेवून ती आतल्या खोलीकडे धावली. वाटेत, बैठकीच्या खोलीतल्या फरशीवर, दुसरा धक्का बसला. मग तिसरा. पडणारं माणूस एकदाच पडतं, हे तिच्या पायांना तिच्याआधी कळलं असावं, कारण ती दाराशी पोचली तेव्हा धावत नव्हती.

मंदाबाई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. एका हाताने त्यांनी चालायची चौकट धरली होती, लुगडं घोट्याच्या वर खोचलं होतं आणि ऑपरेशन झालेल्या पायाची टाच त्या फरशीवर मारून बघत होत्या. मान खाली. एखादं मडकं कच्चं आहे का पक्कं हे बघताना करतात तसा चेहरा.

"आई! पडलात की काय वाटलं मला."

त्यांनी वर पाहिलं. कामिनीशी बोलताना त्या आधी तोंड तिच्याकडे वळवत आणि मगच बोलत. कामिनीचे कान गेले त्या आजारपणानंतर पहिल्या दिवसापासून हे त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

"पडली नही व. पाय जित्ता हाये का पाहेत व्हती."

कामिनी दाराच्या चौकटीला टेकून उभीच राहिली. हिवाळ्यात असोद्याला, गावाकडच्या घरी, न्हाणीत पाय घसरून मंदाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. जळगावला ऑपरेशन झालं, ते चांगलंही झालं, पण घरी आणल्यापासून त्यांनी तो पाय जमिनीला लावला नव्हता. व्यायाम करून घ्यायला येणारी पुनम रोज समजावून जायची, कामिनीचा नवरा प्रेमराज रोज संध्याकाळी कामावरून आला की आईच्या पायथ्याशी बसायचा, आणि मंदाबाई भिंतीकडे बघत राहायच्या. त्यांनी बोलणंही सोडलं होतं. लोक म्हणतात की घरात कुणी गप्प झालं की घर खायला उठतं. कामिनीच्या घरात तसंही काही ऐकू येत नव्हतं. तिला दिसायचे ते मिटलेले ओठ. सकाळी चहा देताना मिटलेले, दुपारी वेणी घालताना मिटलेले. या ओठांवरून ती एक अख्खी भाषा शिकली होती, आणि आता ती भाषा तिच्यासमोरच बंद होत चालली होती. तिने किती वेळा मनात म्हटलं होतं, आई, भांडा तरी. आज तो पाय फरशीवर वाजला होता, आणि त्यामागोमाग तोंडही उघडलं होतं. मागे स्वयंपाकघरातून जळक्या सालीचा वास येत होता. येऊ दे, असं तिला वाटलं. अख्खं वांगं जळू दे.

"कानबाई कधीची हाये?" मंदाबाईंनी विचारलं.

"श्रावण लागू द्या. नागपंचमीनंतरचा रविवार."

"औंदा कवाड तू वाजवजो."

कामिनीला वाटलं, आपण ओठ चुकीचे वाचले. ती जवळ जाऊन खाटेवर बसली. मंदाबाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू, प्रत्येक अक्षर तोंडात ठेवून दाखवल्यासारखं.

असोद्याच्या घराच्या अंगणात एका जागी जमीन थोडी खोलगट आहे. गोठ्याला लोखंडी फाटक बसवलं तेव्हा जुन्या दाराचं सागवानी कवाड निघालं, आणि मंदाबाईंच्या सासूने ते त्या खोलगट जागेवर आडवं टाकून घेतलं. खाली पोकळी, वर लाकूड. कानबाई ही श्रावणातल्या एका रविवारी घरी बसवायची देवी; तिची बोळवण करायच्या सोमवारी गल्लीतल्या बायका तिथे जमतात, बाकीच्या गातात, टाळ्या देतात, आणि एक बाई अनवाणी त्या कवाडावर उभी राहते. तिचे पाय म्हणजेच ढोल. सुरुवातीला सासू, सासूनंतर मंदाबाई. घरातले लोक याला नाच म्हणत नाहीत. 'कवाड वाजवणं' म्हणतात. लग्न होऊन आलेल्या पहिल्या वर्षी कामिनीने ते पाहिलं होतं आणि मनातल्या मनात थोडी हसलीही होती. ती शिरपूरची, गाणं शिकलेली. धुळ्याच्या केंद्रावर परीक्षा देऊन पास झालेली. जळगावच्या शाळेत संगीताची बाई. असोद्यात पाय ठेवल्या ठेवल्या "पानी कोठे शे?" असं माहेरच्या बोलीत विचारून तिने सगळ्या बायकांना हसवलं होतं, आणि त्या हसण्याची भरपाई म्हणून की काय, तिच्या मनाने असोद्याच्या पुष्कळ गोष्टी पहिली काही वर्षं जरा खालीच ठेवल्या होत्या. सासू चांगली ठेक्यात पाय टाकते, एवढं तिने कबूल केलं होतं. गाणं म्हणजे वेगळं, असं तिला वाटे. गाणं म्हणजे तंबोरा, गळा, सूर लागल्यावर कानशिलात उतरणारी ती थंड रेघ.

मग ताप आला. मेंदूपर्यंत गेला. धुळ्याच्या एका दवाखान्यात तिने डोळे उघडले तेव्हा आई, प्रमिलाबाई, समोर होती आणि तिचं तोंड हलत होतं. कामिनीला वाटलं आई मुद्दाम आवाज न करता बोलते आहे, शेजारचं कुणी झोपलं असेल. ती म्हणाली, मोठ्याने बोल ना. आपला स्वतःचाच आवाज आपल्याला आला नाही, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आई काय म्हणत होती ते तिला नंतर प्रेमराजने कागदावर लिहून दाखवलं: "बठ्ठं बरं व्हई जाई, माय." सगळं काही बरं झालं नाही. कानाच्या आतली जागा हाडासारखी घट्ट झाली होती, शस्त्रक्रियेचाही उपयोग नव्हता. शाळेने तिला ग्रंथालयात घेतलं. चांगली माणसं होती. तंबोरा माळ्यावर गेला. डोक्यात मात्र सूर येत राहायचे, अर्धवट, वेळीअवेळी, आणि ते आले की ती उठून उगाच भांडी घासायची, हाताला पाण्याचा गारवा लागेपर्यंत. त्या दिवसांत लोक तिच्याशी फार सांभाळून वागले. प्रेमराज सावकाश, तोंडासमोर येऊन बोलायचा. मैत्रिणी मेसेज पाठवायच्या. कुणीतरी फोनवर ती सोय करून दिली, समोरचा बोलेल ते अक्षरांत उमटण्याची. शहरातल्या माणसांचं बरं उमटायचं. मंदाबाईंचं बोलणं मात्र त्या फोनला कधी झेपलं नाही. त्यांच्या तोंडी ळ चा य होई; त्या 'मिळते'ला 'मियते' म्हणाल्या की पडद्यावर 'मीटिंग' यायचं, आणि दोघी त्या शब्दाकडे बघत बसायच्या. शेवटी मंदाबाईंनीच फोन उलटा करून ठेवला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. अठी पहाय.

हवापालट म्हणून तिला असोद्याला आणलं होतं, तेव्हाची ती दुपार. मागच्या बाजूला केळीचे घड भरून ट्रॅक्टर उभा होता, अंगणात कुणी नव्हतं. कामिनी ओट्यावर बसली होती, बसली म्हणजे ठेवल्यासारखी. मंदाबाई आल्या, तिचा दंड धरून तिला उठवलं, लाकडी खुर्ची कवाडावर ठेवली आणि तिला खुर्चीवर बसवून तिच्या पायांतल्या चपला काढून घेतल्या. तळवे लाकडावर टेकवले. उन्हाने लाकूड कोमट झालं होतं. मग त्या स्वतः कवाडाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि पाय टाकला.

ते कामिनीच्या घोट्यांतून वर आलं. आधी तिला ते काय आहे तेच कळलं नाही, भीतीच वाटली, आत काहीतरी तुटतं आहे अशी. नडगीतून गुडघ्यात, मांडीत, खुर्चीच्या काठातून पाठीच्या मणक्यात, दातांत. टाच पडली की पोटात जाड, गोल काहीतरी उठायचं. चवडा पडला की तेच बारीक होऊन पिंढरीत टोचायचं. अख्खा तळवा पसरून पडला की कातडीवर पाणी मारल्यासारखं व्हायचं. आणि या तिन्हींच्या मध्ये जागा होत्या, रिकाम्या, मोजलेल्या. त्या रिकाम्या जागांनी तिला ओळखलं. ताल होता तो. तिच्या कानांतून हाकलून दिलेला ताल घराला वळसा घालून मागच्या दाराने आला होता. ती रडू लागली. तोंड उघडं टाकून, आवाज किती होतो आहे ते न कळता रडू लागली. मंदाबाईंनी पाहिलं. पाय थांबवले नाहीत. तिच्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या,

"रडाचं तं रड. पन पाय मांगं नको पाडू."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिची स्वतःची टाच लाकडावर वाजते आहे.

त्यानंतर सुट्टी मिळाली की ती असोद्याला जायची. मंदाबाईंच्या लेखी टाच म्हणजे म्हैस, चवडा म्हणजे चिमणी आणि पूर्ण तळवा म्हणजे भाकर, परातीत थापली की वाजते तशी. "म्हैस, चिमणी चिमणी, भाकर," त्या म्हणायच्या, आणि कामिनी ओठांकडे बघत पाय टाकायची. म्हैस आणि भाकर दोन्हींना ओठ मिटतात, त्यामुळे सुरुवातीला ती चुकायची. मग कळलं, म्हशीला ओठ बाजूला ताणले जातात आणि भाकरीला हनुवटी खाली येते. हळूहळू बघावंही लागेना. एका टोकाला सासू, दुसऱ्या टोकाला सून, मध्ये सागाची फळी. एकीने टाकलेलं दुसरीने उचलायचं, उलटं करून परत पाठवायचं. कधी मंदाबाई मुद्दाम एक चिमणी गाळायच्या आणि सून फसली की पोट धरून हसायच्या. कामिनीने गुरूंसमोर बसून इतकी वर्षं रियाज केला होता, पण असा पोटभर खेळ तिला कुणी दिला नव्हता. याबद्दल ती कधी काही बोलली नाही. सासूला 'धन्यवाद' म्हणणं म्हणजे विहिरीला पावती देण्यासारखं झालं असतं. ती फक्त जाताना त्यांच्या टाचांच्या भेगांना तेल चोळून द्यायची, आणि त्या पाय पुढे करायच्या.

हे सगळं अंगणात, दोघींत. कानबाईच्या सोमवारी ती ओट्यावर बायकांच्या मागे उभी राहायची आणि तळपायांना ओट्याच्या दगडातून जेवढं पोचेल तेवढं घ्यायची. लोकांसमोर कवाडावर जायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता खाटेवर सासूच्या शेजारी बसून ती म्हणाली,

"आई, मला त्यांचं गाणं ऐकू येत नाही. त्या कुठवर आल्या ते मला कसं कळणार?"

"त्याईले तुहं आयकू येते ना?"

"पण—"

"मंग झालं."

रात्रीच्या जेवणाला प्रेमराजने जळक्या वांग्याचं भरीत मुकाट्याने खाल्लं. आईने पाय टेकवला हे ऐकून त्याचे डोळे भरले होते. कवाडाचं ऐकून मात्र त्याने घास थांबवला. आईकडे वळून तो काहीतरी म्हणाला, मग कामिनीकडे वळून तेच सावकाश म्हणाला, "तुला नको असेल तर मी सांगतो तिला." तो चांगला माणूस होता. पण त्या सावकाशपणात, त्या जपण्यात, तिला तिची भीती स्पष्ट दिसली. चुकण्याचं तिला भय नव्हतं. भय होतं ते सांभाळून घेतलं जाण्याचं. ती एक मात्रा पुढे गेली की त्या सगळ्या बायका, मनाच्या चांगल्या बायका, आपलं गाणं तिच्यासाठी ओढून पुढे नेणार होत्या. एकमेकींना डोळ्यांनी खुणावणार होत्या. आणि शेवटी येऊन म्हणणार होत्या, किती छान. ते तिला सोसलं नसतं. तरी ती प्रेमराजला म्हणाली, "नको सांगूस." समोर मंदाबाई स्वतःच्या हाताने ताटातली भाकरी मोडत होत्या, आणि ते दृश्य तिच्या घरात पुष्कळ दिवसांनी आलं होतं. त्या बदल्यात तिने आणखीही काही कबूल केलं असतं.

नंतरचे दिवस मंदाबाई चालायला शिकल्या. पुनम आली की चौकट धरून बैठकीच्या खोलीत एक फेरी, मग दोन. पुनम नसताना खाटेवर बसून चांगल्या पायाने फरशीवर वाजवायच्या, आणि कामिनी जिथे असेल तिथून, ओट्यापाशी, कपडे वाळत घालताना, उत्तर द्यायची. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा तक्रार घेऊन वर आल्या. दारात उभं राहून त्या काय बोलल्या ते कामिनीला कळलं, पण मंदाबाईंनी खाटेवरून काहीतरी उत्तर दिलं आणि त्या बाई हसत आत येऊन बसल्या, चहा पिऊन गेल्या. काय म्हणालात त्यांना? मंदाबाई म्हणाल्या, "म्हनलं, दोन म्हशी पायल्या हाये आमी."

कानबाई बसली त्या रविवारी असोद्याचं घर भावकीने भरलं. नारळाची देवी नथ घालून, साडी नेसून चौरंगावर बसली, नैवेद्याच्या रोटांचा खमंग वास अंगणापर्यंत आला. सोमवारी सकाळी, ऊन अजून कोवळं असताना, प्रेमराज आणि त्याच्या चुलतभावाने मंदाबाई पडल्यापासून गोठ्यामागे ठेवलेलं कवाड काढलं, धुतलं आणि जागेवर टाकलं. मंदाबाईंची खुर्ची कवाडाच्या एका टोकाला ठेवली. दोन्ही पाय फळीवर. मंदाबाईंच्या धाकट्या जाऊबाई, वच्छलाबाई, गाणं धरणार होत्या. त्यांनी कामिनीकडे पाहिलं, मग मंदाबाईंच्या कानाशी वाकल्या. पाठमोऱ्या असल्यामुळे त्या काय म्हणाल्या ते कामिनीला दिसलं नाही. मंदाबाईंचं उत्तर दिसलं: "तू तुह्यं गानं पहाय."

ती उभी राहिली. लाकूड थंड होतं, अजून ओलं. मंदाबाईंच्या टाचेने एक म्हैस दिली, ती तिच्या पोटात पोचली, आणि तिने पाय टाकला. पहिली काही आवर्तनं ती निव्वळ भीतीने वाजवत होती. समोर बायकांची तोंडं उघडत होती, मिटत होती, हात टाळीला जवळ येत होते, आणि तिच्या पायांचं आणि त्या हातांचं जुळतं आहे का हे बघता बघता तिचा चवडा उशिरा पडला. मंदाबाईंनी टाच पुन्हा दिली. कामिनीने डोळे मिटून घेतले. मग फक्त फळी राहिली. म्हैस, चिमणी चिमणी, भाकर. भाकर, म्हैस, आणि रिकामी जागा. घाम मानेवरून उतरू लागला. हळूहळू तिला फळीच्या पलीकडून, जमिनीतून, आणखी काही येतंसं जाणवलं, धूसर, पुष्कळांचं मिळून एक. बायकांचे पाय होते ते. त्या उभ्या जागी पाय टाकत होत्या, आणि ते तिच्या मागोमाग येत होतं. सांभाळून घेताहेत, हे तिच्या मनात आलंच. पण त्याच्याबरोबर, का कोण जाणे, शिरपूरचे तबलजी आठवले, लोटनभाऊ, जे तिच्या गळ्याकडे डोळे लावून बसायचे आणि तिने एखादी तान लांबवली की ठेका तिच्याबरोबर लांबवायचे. ते काही तिची कीव करत नव्हते. साथ करत होते. गाणारी मी होते म्हणून ते मागे यायचे. आज वाजवणारी मी आहे. इतकं साधं होतं ते, आणि तिने त्याला किती वर्षं घाबरून बाजूला ठेवलं होतं. तिने एक चिमणी गाळली. जमिनीतले सगळे पाय त्या जागी अडखळले, आणि दुसऱ्या क्षणाला त्यांच्यात एक थरथर पसरली, वेडीवाकडी, जी फक्त हसण्याचीच असू शकते. तीही हसली. मग तिने त्यांना सोडलं नाही.

डोळे उघडले तेव्हा फळीचं दुसरं टोक रिकामं होतं. खुर्ची नव्हती. क्षणभर तिचा पाय हवेत राहिला. मंदाबाईंनी खुर्ची कधीतरी प्रेमराजला उचलायला लावली होती आणि त्या खाली, ओट्याच्या सावलीत, त्याच खुर्चीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचे पाय मातीवर होते, स्थिर. कामिनीने हवेतला पाय खाली आणला, नेमका, आणि शेवटचं आवर्तन पुरं केलं.

बायकांनी तिला घेरलं. कुणी पाठीवर हात ठेवला, कुणी तोंडाजवळ पाण्याचा तांब्या धरला. वच्छलाबाई तिच्यासमोर येऊन फक्त म्हणाल्या, "माह्या गया बसला व, तू थांबेचना," आणि दम खात राहिल्या. गर्दीतून वाट काढत ती ओट्याशी गेली आणि मंदाबाईंच्या खुर्चीजवळ मातीत बसली. त्यांचा चेहरा ओला होता.

"दुखतंय का, आई? फार वेळ बसलात."

त्यांनी मान हलवली. तोंड तिच्याकडे वळवलं.

"कामिनी, म्या हे कधी आयकलंच नव्हतं व."

"काय नव्हतं ऐकलं?"

"कवाड. फयीवर उभं राह्यलं का ते आंगात वाजते. हाडात वाजते. कानाले काय येते अन् काय नही, कोन ध्यान देते? सासूनं वर उभं केलं, तवापासून मीच वर. खाली बसून आयकाची पायी आलीच नही कधी. आज आयकलं."

कामिनी त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, ते मिटल्यावरही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की सासूबाईंनी आपल्याला उरलेलं दिलं; बाकीच्यांना पूर्ण मिळतं त्यातलं, बहिरीला पुरेल तेवढं. पण त्यांच्याजवळ होतं तेच एवढं होतं. त्यांनी ते सगळं दिलं होतं, हातचं काही न राखता, एका दुपारी, चपला काढून घेऊन. आजारपणानंतर एक प्रश्न तिने कुणालाही कधी विचारला नव्हता. विचारला की समोरच्याची नजर खाली जाते हे तिला माहीत होतं. आज तो तिने विचारला.

"कसं वाजतं, आई?"

मंदाबाईंची नजर खाली गेली नाही. त्यांनी विचार केला. अंगणात बायका देवीला उचलायच्या तयारीला लागल्या होत्या, कुणी गुलाल उधळला, तो दोघींच्या अंगावर आला. मंदाबाईंनी पदराने कामिनीचं तोंड पुसलं, मग स्वतःचं, म्हणजे तिला ओठ नीट दिसावेत.

"उन्हाचं चालता चालता तहान लागेल राह्यते. कुठीच काही नही. अन् दूर कोन्ही बाई दगडावर धुनं आपटे. दिसत नही ती, पन आपल्याले समजते, तठी पानी हाये." त्या थांबल्या. "तसं वाजते."

कामिनीने एक शब्दही चुकवला नाही.

"चाल, उठव मले आता," मंदाबाई म्हणाल्या. "कानबाई निंघाली."